रत्नागिरीत आजोबांनी साधारण 1950च्या सुमारास सुरू केलेल्या आमच्या आर्किटेक्ट ऑफिसचा इतिहास लिहायचा आहे. माळ्यावर नकाशांच्या गुंडाळ्या आणि जुन्या फायली आहेत. सुरुवात कुठून करू?

आठवणी सांगणाऱ्यांकडे नंतर जा, आधी कागद लावा. तुम्ही लिहिलंय की ऑफिस ‘साधारण 1950च्या सुमारास’ निघालं. असलं ‘साधारण’ साल घरात एकदा रुजलं की सगळे तेच सांगतात, आणि मग मुलाखती घेऊन काही नवं हाती लागत नाही.

गुंडाळ्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच सोडा. पावसाळ्यात कागद लहरतो आणि सुकून बसलेली बुरशी पुन्हा जोर धरते. ओलसर वाटले तरी नकाशे उन्हात घालू नका. सावलीत, पंख्याखाली पसरा. गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा काढा. सेलोटेप मात्र ओढून काढू नका, खालची रेघ त्याच्याबरोबर येते. लॅमिनेशन तर नकोच, ते परत सुटत नाही.

मग प्रकार वेगळे करा. निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा म्हणजे ब्लूप्रिंट, फिकट जमिनीवर निळ्या-जांभळ्या रेघा म्हणजे अमोनिया प्रिंट. दोन्ही एकत्र ठेवू नका. अमोनिया प्रिंट शेजारच्या कागदावर डाग पाडते, आणि ब्लूप्रिंटचा निळा रंग उजेडाने व अल्कलीने उडतो. म्हणून ब्लूप्रिंटला खडूची पूड घातलेला ‘बफर्ड’ कागद चालत नाही, साधा आम्लरहित कागद हवा. ट्रेसिंग क्लॉथवर, म्हणजे शाईने मूळ नकाशा काढायच्या पारदर्शक कापडावर, स्टार्चची खळ असते. ओलं फडकं फिरवलंत तर खळ सुटेल आणि शाईही जाईल. सगळ्यात जपायचे ते ट्रेसिंग, कारण मूळ तेच. प्रिंट म्हणजे त्याच्या प्रती.

आता खरं काम, म्हणजे तारखा. टायटल ब्लॉकवर (नकाशाच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) तारीख नसलेले कागद बरेच निघतील, पण कागदच वय सांगतो. लेटरहेडवर 415612 असा पिनकोड असेल तर तो 15 ऑगस्ट 1972 नंतरचा. मालवण किंवा कुडाळच्या कामावर ‘जि. रत्नागिरी’ असेल तर बहुधा 1 मे 1981 च्या आधीचा, कारण त्या दिवशी सिंधुदुर्ग वेगळा झाला. एस्टिमेट आणे-पैत असेल तर 1957 च्या एप्रिलच्या आधीचं, किंवा जुनी सवय मोडेपर्यंतच्या एखाद-दोन वर्षांतलं. समुद्राकाठच्या साइट प्लॅनवर भरतीरेषा आणि तिच्यापासूनची अंतरं आखलेली असतील तर बहुधा फेब्रुवारी 1991 च्या सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर मर्यादा घालणाऱ्या) अधिसूचनेनंतरचा. चिपळूणकडची कामं असतील तर 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाच्या आधीचे आणि नंतरचे नकाशे शेजारी ठेवा. लिंटेलच्या (दारं-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईच्या) पातळीवर भिंती बांधून धरणारा आरसीसी पट्टा कधीपासून येतो ते बघा. ऑफिसची बांधकामाची समज कशी बदलली याचा तो थेट पुरावा.

स्केल नीट वाचा, इथे फसगत होते. फूट-इंचांच्या काळातला नकाशा बहुधा ‘एक इंचाला आठ फूट’, म्हणजे 1:96. त्यावर आजची 1:100 ची पट्टी लावलीत तर 24 फुटांची पडवी 25 फुटांची भरते. शिवाय कागद आकसतो, म्हणून लिहिलेलं माप धरा, मोजलेलं नाही.

फायलींना कमी लेखू नका. सिमेंटवर नियंत्रण असतानाचे परमिटचे अर्ज सापडले तर किती पोती, कोणत्या कामाला, कोणत्या महिन्यात हे सगळं एका कागदावर मिळतं. (1982 मध्ये नियंत्रण अंशतः आणि 1989 मध्ये पूर्ण उठलं, तिथून हे कागद संपतात.) परवानगीच्या पत्रावरचा नगरपालिकेचा जावक क्रमांक जरूर उतरवून घ्या. पण मंजूर नकाशा म्हणजे बांधलेलं घर नव्हे. लाल रंगात भरलेलं ‘प्रस्तावित’ काम पुढे झालंच असं नसतं. घर उभं असेल तर जाऊन एखादी खोली मोजा, पाडलं असेल तर घरपट्टीच्या जुन्या आकारणीत नोंद शोधा.

स्कॅन 300 डीपीआयला पुरे. ए-झिरो कागद रंगीत केला तर एक फाईल कॉम्प्रेस न करता 400 एमबीच्या वर जाते, म्हणून नुसत्या शाईच्या रेघांचे ट्रेसिंग ग्रे-स्केलमध्ये करा. फाईलचं नाव साल, काम क्रमांक, गाव, शीट क्रमांक या क्रमाने ठेवा. साल ठरत नसेल तर ‘0000’ लिहा, अंदाजाने भरू नका.

‘स्थापना अमुक साली’ हे पाटीवर लिहिण्याआधी भागीदारीपत्रं काढा. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार करारात वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. म्हणजे तीन पिढ्यांचं नाव एकच असलं तरी कायद्याने त्या दोन किंवा तीन फर्म असू शकतात. आजोबांच्या नावापुढे पदवी दिसली नाही तर दचकू नका. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट 1972 चा. त्याआधी किमान पाच वर्षं व्यवसाय केलेल्यांना पदवीशिवायही नोंदणीची वाट ठेवली होती. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदणी क्रमांकात ‘सीए’ नंतर येणारे दोन आकडे नोंदणीच्या सालाचे असतात; व्यवसाय त्याच्या कितीतरी आधीपासूनचा असू शकतो.

आणि टायटल ब्लॉकमधली ‘ड्रॉन’, ‘ट्रेस्ड’, ‘चेक्ड’ यापुढची आद्याक्षरं वेगळ्या वहीत उतरवा. घराण्याच्या इतिहासात ड्राफ्ट्समन गळतात, खरं तर बरेचसे नकाशे त्यांच्याच हातचे असतात. आद्याक्षरांची यादी साल लावून झाली की मगच वडिलांना आणि जुन्या गवंडी-सुतारांना भेटा. ‘ऑफिस कसं होतं?’ असं मोघम न विचारता नकाशा पुढ्यात ठेवून विचारा: हा जिना कोणी काढला, आणि चिरा कुठल्या खाणीचा आला?