फळीवर एक भाव, बिलात दुसरा

प्रश्न : आमच्या घराजवळच्या एका मोठ्या किराणा दालनातून मी दर महिन्याचे सामान भरते. गेल्या महिन्यात तूरडाळीच्या एक किलोच्या पुड्यांखाली, फळीच्या कडेला लावलेल्या चिठ्ठीवर १४९ रुपये लिहिलेले होते, म्हणून दोन पुडे घेतले. घरी येऊन बिल वाचले तेव्हा डाळ १६८ रुपयांनी लावलेली दिसली. दुसऱ्या दिवशी बिल घेऊन गेले, तर व्यवस्थापकांनी पुड्यावरची छापील किंमत, म्हणजे १९५ रुपये, दाखवली आणि ‘एमआरपीच्या आतच घेतले आहेत, त्यामुळे तक्रारीला जागाच नाही,’ असे सांगितले. चिठ्ठी तोवर बदललेली होती. ३८ रुपयांसाठी भांडायचे की नाही हे मी पाहीन. पण त्यांचे म्हणणे कायद्याला धरून आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : व्यवस्थापकांनी सांगितले ते खरे आहे, मात्र तुम्ही विचारले त्याचे ते उत्तर नव्हे. एमआरपी ही उत्पादकाने सर्व कर धरून छापलेली कमाल किंमत असते. आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार कोणत्याही किरकोळ विक्रेत्याला तिच्यापेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, आणि ती मर्यादा या दुकानाने ओलांडलेली नाही. तुमची तक्रार निराळी आहे : दुकानाने स्वतःच्या हाताने जो भाव मांडला, तो त्यानेच पाळला नाही.

या तक्रारीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जागा आहे. वस्तूवर किंवा वेष्टनावर दाखवलेल्या किमतीपेक्षा, कायद्यानुसार लावलेल्या दरपत्रकापेक्षा किंवा उभयपक्षी ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर ग्राहकाला तक्रार करता येते, असे त्यातील ‘तक्रारी’च्या व्याख्येतच म्हटले आहे. शिवाय किमतीबाबत लोकांची दिशाभूल करणे आणि ज्या सवलतीच्या भावाने माल द्यायचाच नाही, तो भाव जाहीर करणे, या दोन्ही गोष्टी त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेल्या आहेत.

दुकानाची बाजूही सांगायला हवी. करार कायद्याच्या दृष्टीने फळीवरचा भाव हा प्रस्ताव नसतो. ते ग्राहकाने प्रस्ताव मांडावा यासाठीचे आमंत्रण असते. तुम्ही पुडा गल्ल्यावर ठेवता तेव्हा प्रस्ताव तुमचा असतो आणि तो स्वीकारायचा की नाही हे दुकान ठरवते. त्यामुळे ‘चिठ्ठी जुनी राहिली, आता भाव १६८ आहे,’ असे पैसे घेण्याआधी सांगण्याची त्यांना मोकळीक आहे आणि डाळ तिथेच ठेवून निघून जाण्याची तुम्हाला. तुमच्या बाबतीत हे घडले नाही. १४९ समजून तुम्ही पुडे टोपलीत टाकले आणि कोणीही काही न बोलता १६८ वसूल झाले. माझ्या मते जास्तीचे ३८ रुपये परत मागण्याचा तुमचा हक्क त्यामुळे भक्कम आहे.

दर वेळी यामागे लबाडीच असते असे मात्र नाही. बारकोडमध्ये भाव नसतोच. ८९० ने सुरू होणारे जे आकडे आपण आपल्याकडच्या बहुतेक पुड्यांवर पाहतो, ते फक्त वस्तूची ओळख सांगतात. भाव दुकानाच्या संगणकात असतो आणि ‘टुक्’ असा आवाज येताच तिथून उचलला जातो. संगणकातला भाव कार्यालयात बसून एका क्षणात बदलता येतो, पण फळीवरची चिठ्ठी कोणीतरी हाताने काढून नवी लावावी लागते. रविवारी रात्री संपलेल्या योजनेच्या पिवळ्या चिठ्ठ्या सोमवारी दुपारपर्यंत तशाच लटकत असतात, त्या यामुळेच. कधी चिठ्ठी शेजारच्या मालाची असते, तर कधी अर्धा किलोच्या पुड्याची. म्हणून चिठ्ठीवर भावाखाली बारीक अक्षरांत छापलेले मालाचे नाव, वजन आणि योजनेची तारीख आधी वाचावी. ती जुळत असतील, तर चूक दुकानाची आहे आणि तिचा भुर्दंड ग्राहकाने सोसण्याचे कारण नाही. चूक नेहमी चढ्या भावाकडेच झुकत असेल, तर ती निव्वळ चूक आहे का, अशी शंका मलाही येते.

तुमची अडचण पुराव्याची आहे. चिठ्ठी बदलली आणि तुमच्याकडे तिचे छायाचित्र नाही. यापुढे बिल घरी नेऊन वाचण्याऐवजी, दारापाशी रखवालदार त्यावर शिक्का मारतो त्याच्या आधी वाचावे. फरक दिसला तर परत आत जाऊन चिठ्ठी आणि पुडा एकाच चौकटीत येतील असे छायाचित्र मोबाइलवर काढावे, मगच व्यवस्थापकांशी बोलावे. बहुतेक ठिकाणी फरक तिथल्या तिथे परत मिळतो, कारण रांगेतल्या इतरांनी तो संवाद ऐकावा असे कोणत्याही दुकानाला वाटत नाही. नकार मिळाला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते : ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो आणि मुदत दोन वर्षांची आहे. तरीही केवळ ३८ रुपयांसाठी आयोगाच्या तारखा घ्याव्यात असे मी सुचवणार नाही. हाच प्रकार महिनोन्‌महिने चालू असल्याची तीन-चार बिले जमली, तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : केसांच्या तेलाच्या बाटलीवर १०५ रुपये छापलेले आहेत, बिलात मात्र एमआरपीच्या रकान्यात ११८ आणि घेतलेली रक्कमही ११८ आहे. संगणकात तेवढीच किंमत येते, असे गल्ल्यावरच्या मुलाने सांगितले.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचे प्रकरण वरच्यापेक्षा सरळ आहे, कारण इथे छापील किमतीपेक्षाच जास्त पैसे घेतले गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचे तेल, साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरचा वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या कराने ११८ ला बसणारी बाटली नव्या कराने बरोबर १०५ ला बसते, त्यामुळे तुमची बाटली नव्या किमतीची असावी, असे आकड्यांवरूनच दिसते. एकाच बारकोडचा जुन्या आणि नव्या किमतीचा माल दुकानात एकत्र असला, की गल्ल्यावरच्या पडद्यावर दोन किमती उमटतात आणि त्यांतली एक निवडावी लागते. मागे रांग वाढलेली असते; बाटली फिरवून किंमत पाहण्याऐवजी बोट वरच्या ओळीवर पडते. नवी किंमत संगणकात भरलेलीच नसेल, तर तेवढाही पर्याय उरत नाही. कारण काहीही असले, तरी तुमच्या हातातल्या बाटलीवर जे छापले आहे, तीच तुमच्यासाठी मर्यादा. बाटली फेकू नका. ती आणि बिल घेऊन आधी दुकानात जा. तिथे दाद लागली नाही, तर वैधमापन यंत्रणेच्या, म्हणजे वजन-मापे आणि छापील किमती तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या, निरीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. या प्रकारात निरीक्षकांना थेट कारवाई करता येते. पहिल्या प्रश्नातल्या फळीवरच्या चिठ्ठीसाठी मात्र ग्राहक हेल्पलाइन किंवा आयोग हाच मार्ग आहे.

प्रश्न : कोपऱ्यावरचा दुकानदार थंड पेयाच्या बाटलीवर ‘कूलिंगचे’ म्हणून दोन रुपये जास्त घेतो. हे चालते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चालत नाही. फ्रिजच्या विजेचा खर्च दुकानदाराने आपल्या नफ्यातून भागवायचा असतो. हॉटेलात टेबलावर बसून घेतलेल्या बाटलीचा विषय निराळा आहे : तिथे बसण्याची सोय आणि सेवाही दिली जाते, म्हणून हॉटेलांना एमआरपीपेक्षा जास्त दर लावता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. कोपऱ्यावरच्या दुकानाला तो लागू होत नाही, मग त्याने बाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकलेल्या असल्या तरी.