व्हिक्युनाची लोकर इतकी महाग का, आणि ती सोलापुरात विणता येईल का?

व्हिक्युना या उंटाच्या कुळातल्या प्राण्याच्या लोकरीत एवढे विशेष काय आहे आणि सोलापूरच्या यंत्रमागावर तिचे कापड निघेल का, असे आपण विचारले आहे. मी येथे सुताच्या व्यवसायात आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: चादरी आणि टॉवेलसाठी बसवलेल्या वेगवान मागावर ते कठीण आहे. हा तंतू जेमतेम 12 ते 13 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा आणि नाजूक असल्यामुळे त्याचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, वारंवार तुटेल. त्याहून मोठी अडचण रसायनांची आहे. सुती माल धुताना आपण सर्रास कॉस्टिक सोडा वापरतो. लोकर मात्र केराटिन या प्रथिनाची बनलेली असल्याने गरम कॉस्टिकमध्ये ती चक्क विरघळते. ब्लीचही तिला सोसत नाही, म्हणून बहुतेक माल मूळच्या दालचिनी रंगातच विकला जातो. हातमागावर बेताच्या ताणाने शाल विणता येईल, पण सोलापूरच्या उन्हात ती पांघरणार कोण, हा प्रश्न उरतोच.

ऊब आणि मऊपणा यांचे मूळ या बारीकपणात आहे, कारण बारीक तंतूंच्या दाट जाळ्यात हवा अडकून राहते. तरीही चांगला पश्मिना जवळपास तितकाच बारीक असतो, तेव्हा किमतीचे खरे कारण दुर्मिळता हेच आहे. व्हिक्युना हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उंच पठारांवरचा वन्य प्राणी. शिकारीमुळे 1960च्या दशकात तो नामशेष होण्याच्या बेतात होता. पेरूने 1967 मध्ये पाम्पा गालेरास येथे त्याच्यासाठी संरक्षित क्षेत्र राखले. आता गावकरी इंका काळापासूनच्या ‘चाक्कू’ या प्रथेप्रमाणे मोठी साखळी करून कळप घेरतात, लोकर कातरतात आणि प्राणी सोडून देतात. एका प्राण्यापासून दोन-तीन वर्षांतून एकदा साधारण 200 ते 250 ग्रॅम लोकर मिळते, आणि त्यातूनही राठ केस वेगळे काढावे लागतात.

उपयोग शाली, मफलर आणि ओव्हरकोटपुरताच.

प्रदर्शनात कोणी ‘अस्सल व्हिक्युना’ स्वस्तात देऊ लागला, तर एक धागा जाळून पाहावा. केस जळल्याचा वास आला नाही, तर ती लोकर नव्हे. वास आला तरी ती साधी मेंढीची असू शकते. हा फरक ओळखायला सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी लागते. कायदेशीर कापडाच्या किनारीवर उगमदेशासह व्हिक्युनाची खूण असते, तीही अवश्य पाहावी.