प्लॅटिनमचं नंतर बघू

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रिंट टेबलावर मांडून बसलोय. हातानं फोटो छापायच्या जुन्या रीती: सायनोटाइप, व्हॅन डाइक, सॉल्ट प्रिंट, दोन गम. सगळं एका वर्षात. आणि आता विचारतेस, सर, प्लॅटिनम शिकू का? नाही. एकच धर.

गम सोडलंस, कारण म्हणे चित्र धुऊन गेलं. अगं, ते जायलाच हवं! गम म्हणजे डिंक, जलरंग आणि डायक्रोमेट हे उन्हात बदलणारं रसायन. उन्हानं जेवढा डिंक कडक झाला तेवढाच कागदावर राहतो, बाकीचा पाण्यात सुटतो. तू सावल्या आणि उजेड एकाच थरात पकडायला गेलीस. गडद रंगाचा, कमी उन्हातला थर सावल्यांना. पातळ रंगाचा, जास्त उन्हातला थर उजळ भागांना. दुसऱ्या प्रिंटमध्ये ओठ गालावर सरकलेत, कारण कागद आधी गरम पाण्यात भिजवून, आकसवून घेतला नव्हतास. आणि हे सगळं जुलैत! दमट हवेत डायक्रोमेट लावलेला कागद अंधारातही आपोआप कडक होत जातो. रात्री लावून सकाळी उन्हात ठेवलास तर रंग सुटेल कसा? हे एका पावसाळ्यात कळत नाही. म्हणून म्हणतो, एकच धर.

डायक्रोमेट लावलेला कागद उन्हात रंग बदलतो हे मंगो पाँटननं 1839 मध्ये सांगितलं. फ्रान्सच्या प्वातव्हँनं 1855 मध्ये त्यात रंगद्रव्य मिसळलं. पॅरिसच्या रोबेर दमाशीच्या हातून त्याची चित्रं व्हायला 1890चं दशक उजाडलं. (त्यानं 1914 मध्ये फोटोग्राफीच सोडली, कारणही न सांगता. तो वेगळा विषय.) तुला मात्र दोन रविवारांत हवंय.

माझ्या बरोबरीचे प्लॅटिनमकडे वळले. त्यांची चित्रं गॅलऱ्यांत लागली, मी वर्गात हजेरी घेत राहिलो. प्लॅटिनम मला परवडत नव्हतं, हेही खरं. पण परवडलं असतं तरी गेलो नसतो. नसतोच गेलो. खंत आहे ती वेगळीच. अभ्यासक्रमात दरवर्षी सगळ्या प्रक्रियांची तोंडओळख. त्या धांदलीत एकाही मुलाला गमच्या तिसऱ्या थरापर्यंत थांबवता आलं नाही. तू तरी थांब.

आणि फोटोत तुझे हात उघडे दिसतायत. डायक्रोमेट विषारी आहे, हे मी वर्गात ओरडून सांगितलंय. हातमोजे घाल, नाहीतर सायनोटाइपच कर, पण मग फक्त तेवढंच धर.

पाऊस संपला की ऑक्टोबरच्या उन्हात सुरू कर. नवी निगेटिव्ह काढू नकोस. आहे तीच घे, आणि प्रत्येक थराचा वेळ वहीत लिही. वही मला दाखव. प्रिंट नाही दाखवलीस तरी चालेल.

तुझे सर