अपघातानंतरचा उपचारखर्च गोव्यातील कुटुंबाने कसा भागवावा?
फोंड्याजवळच्या अपघातात जखमी झालेल्या आपल्या भावाच्या उपचारांसाठी दागिने गहाण ठेवण्यापूर्वी, कृपया, रुग्णालयात रस्ते अपघातग्रस्तांसाठीच्या 2025 च्या केंद्रीय रोकडविरहित (कॅशलेस) उपचार योजनेची चौकशी करावी. तीत नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. हे सात दिवस फार लवकर सरतात, म्हणून पोलिसांत नोंद आजच झाली पाहिजे. पुढील उपचारांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचे कार्ड असल्यास ते दाखवावे, आणि प्रकृती स्थिर असल्यास बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयात) हलवण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. प्रत्येक बिल जपून ठेवावे, कारण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अपघातापासून सहा महिन्यांच्या आत भरपाई मागताना तोच आपला पुरावा ठरतो.