पायातल्या मुंग्या आणि सायकल

सायकल चालवताना पायाला मुंग्या येत असतील तर आधी एक बघ: त्या नेमक्या कुठून कुठे जातात? फक्त बोटं बधिर होत असतील तर बहुतेक वेळा बूट घट्ट असतो. लेस सैल कर, क्लीट (बुटाच्या तळाची, पॅडलमध्ये अडकणारी पट्टी) असेल तर ती थोडी टाचेकडे सरकव. पण कळ ढुंगणातून मांडीमागून पोटरीपर्यंत उतरत असेल तर ती सायटिकाची, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या नसेची. तिचं मूळ बहुधा कंबरेत असतं, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नुसतं सीट बदलून भागत नाही.

तरी सीट तपासच. पॅडल खाली असताना त्यावर टाच ठेव. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. सीट जास्त उंच असेल तर दर फेरीला कंबर डावी-उजवी डुलते आणि मणक्याला त्रास होतो. बदल एका वेळी ३-४ मिलिमीटरचाच कर, मग दोन-तीन राइड थांब. हँडल थोडं वर घे. रेसरसारखं वाकायची हौस सध्या राहू दे! कात्रजच्या चढावर जड गिअर रेटू नकोस. हलका लाव, पॅडलच्या मिनिटाला ७५-८० फेऱ्या राहू देत.

ग्रुपमधले हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचे स्नायू, जोरात ताणायला सांगतील. चिडलेली नस ताणली की आणखी चिडते, तेव्हा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडूनच शीक. नसेचे तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटरच पुन्हा वाढतात, म्हणजे तेव्हा बरं व्हायचा हिशेब महिन्यांचा.

पाऊल उचलता येईना, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ.