घरच्या घरी फिशिंग रॉड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स्वतःचा रॉड स्वतः बांधायचा आहे. सुरुवात कशापासून करू? यंत्रं घ्यावी लागतील का?

सात फुटी, दोन तुकड्यांचा, मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड निवडा. लागेल ते एवढंच : ब्लँक म्हणजे नुसती पोकळ काठी, रील सीट म्हणजे रील बसवायची जागा, कॉर्कच्या किंवा ईव्हीएच्या (एक प्रकारच्या फोमच्या) मुठी, टोकाचं धरून आठ गाईड म्हणजे तंगूस ओवायची वलयं, ती ब्लँकवर बांधायला 'ए' जाडीचा नायलॉन दोरा, मुठींसाठी सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा गोंद), दोऱ्यावर लावायचं रॉड फिनिश म्हणजे लेप आणि मास्किंग टेप. यंत्राची गरज नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या समोरासमोरच्या बाजूंना 'व्ही' आकाराच्या खाचा पाडा आणि रॉड त्यांत ठेवून हाताने फिरवा, म्हणजे दोरा त्यावर गुंडाळला जातो. दोऱ्याचं रीळ कपात ठेवून दोरा जाड पुस्तकाच्या पानांमधून काढला की हवा तेवढा ताण मिळतो. ताण वाढवायचा तर पुस्तकावर वजन ठेवा.

प्रश्न : रील सीट इपॉक्सीने बसवलं, पण फेकताना आत 'कट्' असा आवाज येतो.

आत पोकळी राहिली आहे. सीटचं भोक ब्लँकपेक्षा मोठं असतं, म्हणून मध्ये मास्किंग टेपच्या कड्या गुंडाळतात. टेपची एकच सलग पट्टी गुंडाळली तर सीट फक्त टेपवर बसतं आणि इपॉक्सी ब्लँकपर्यंत पोहोचतच नाही. अरुंद अशा तीन-चार कड्या करा, त्यांच्यात बोटाच्या पेराएवढी जागा सोडा आणि ती इपॉक्सीने काठोकाठ भरा. चिकटवण्याआधी ब्लँकची चकाकी बारीक सँडपेपरने फक्त मुठीखालच्या भागात घालवा. पुढे घासलंत तर ओरखडे मुठीबाहेर कायमचे दिसतील. पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी इथे नको, सीट सरळ रेषेत आणण्याआधीच तो घट्ट होतो.

प्रश्न : गाईडमधली अंतरं तक्त्यावरून घेतली तर चालेल का?

सुरुवातीला चालेल, पण तक्ता तुमच्या ब्लँकचा वाक ओळखत नाही. टोकापासून पहिलं गाईड साधारण दहा सेंटिमीटरवर घ्या आणि पुढचं प्रत्येक अंतर थोडं थोडं वाढवा. सगळी गाईड आधी टेपने बसवा, रील लावा, तंगूस ओवा, त्याचं टोक एखाद्या वजनाला बांधा आणि रॉड वाकवून बाजूने पाहा. तंगूस दोन गाईडांमध्ये ब्लँकच्या वाकापासून सुटून सरळ ताणली जात असेल, तर तिथलं अंतर जास्त आहे. दोरा बांधण्याआधी हे अवश्य करा. नंतर सगळं उसवावं लागतं.

गाईडच्या पायाचं, म्हणजे ब्लँकवर टेकून दोऱ्याने बांधल्या जाणाऱ्या पट्टीचं टोकही पाहा. ते बोथट असेल तर दोरा ब्लँकवरून पायावर चढताना फट पडते. कानशीने ते पातळ उतरतं करा, खालची धार बोटाला लागणार नाही इतकी गुळगुळीत करा. ही धार राहिली तर वाकताना ती ब्लँकमध्येच रुतते आणि रॉड तिथे मोडतो. टोकाचं गाईड मात्र गरम करून वितळणाऱ्या गोंदानेच लावा, म्हणजे बिघडलं तर पुन्हा काढता येतं.

प्रश्न : दोऱ्यावरचा लेप दोन दिवसांनंतरही चिकट आहे, शिवाय बुडबुडे दिसतात.

चिकटपणाचं कारण बहुतेक वेळा मोजमापात असतं. बऱ्याच फिनिशमध्ये रेझिन आणि हार्डनर हे दोन्ही भाग आकारमानाने 1:1 लागतात (तरी डबीवरची सूचना वाचा). अगदी थोडं मिसळायला घेतलं तर दोन थेंबांची चूकही प्रमाण बिघडवते, म्हणून निदान तीन-तीन मिली घ्या. दोन्हींसाठी वेगळी सिरिंज वापरा आणि कडा व तळ खरवडत तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा. घाईने ढवळलं की हवा मिसळते. मिश्रण लगेच ॲल्युमिनियम फॉइलवर ओता. पातळ पसरल्याने बुडबुडे सुटतात आणि काम करायला वेळही जास्त मिळतो, कारण कपात साठलेलं मिश्रण स्वतःच तापून लवकर घट्ट होतं.

लेप पातळ लावा, दोन थरांत. पहिला थर दोऱ्यात मुरू द्या. दर पाच मिनिटांनी रॉड अर्धा फिरवत राहा, नाहीतर लेप खाली ओघळून गाठी होतात. थंड खोलीत तो फार उशिरा घट्ट होतो. सध्याचा लेप हलकाच चिकट असेल, तर नीट मिसळलेला दुसरा थर त्यावर चालतो. बोट लावताच तार निघत असेल, तर दोऱ्यासकट काढून नव्याने बांधा.