दुकानाच्या कॉम्प्युटरवर कोणती एक्स्टेंशन ठेवायची, कोणती काढायची

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडला झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान, एकच कॉम्प्युटर, त्यात क्रोम ब्राउझर, आणि क्रोममध्ये साठत गेलेली चौदा एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम. कन्नड पानं मराठीत करणारं, जाहिराती अडवणारं, पीडीएफ बनवणारं, स्क्रीनशॉट काढणारं, पासवर्ड लक्षात ठेवणारं, फुकट व्हीपीएन, कूपन शोधणारं, अँटिव्हायरसबरोबर आपोआप आलेलं, आणि काही अशी की ती कोणी टाकली हेही आठवत नाही. धाकटे दीर म्हणतात सगळी काढा. दुकानात बसणारा मुलगा म्हणतो, ती काढली तर कामच होणार नाही.

माझं मत दिरांच्या बाजूला जास्त झुकतं. चौदातली फार तर तीन राहतील. पण "सगळीच वाईट" असं म्हणून काढू नका, कारण त्यातलं एक काढलंत तर तुमचं दुकान उलट जास्त धोक्यात येईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक्स्टेंशनला नेमकं काय दिसतं ते समजून घ्या. टाकताना एक चौकट येते, बहुतेक जण न वाचता पुढे जातात. त्यात "सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे" अशा अर्थाची ओळ असेल, तर त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा. ग्राहकाचा आधार क्रमांक तुम्ही सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या साइटवरच्या फॉर्ममध्ये टाइप करता, तो एक्स्टेंशनला दिसतो. महिलांच्या गृहलक्ष्मी योजनेसाठी आलेल्या मावशींचं बँक खातं दिसतं. तुम्ही नेट बँकिंग उघडलंत तर शिल्लक दिसते, पासवर्डची चौकट दिसते, आलेला ओटीपी टाइप करताना तोही दिसतो. साइटचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असला, म्हणजे वाटेत माहितीला कुलूप असलं, तरी फरक पडत नाही. ते कुलूप वाटेतल्या चोरासाठी आहे, एक्स्टेंशन तर पानाच्या आतच बसलेलं असतं.

दिसतं म्हणजे ते चोरतंच असं नाही. बहुतेक एक्स्टेंशन बनवणारे सरळ लोक असतात. अडचण अशी की ते एक्स्टेंशन उद्याही त्यांच्याच हातात असेल याची खात्री कोणी देत नाही. दुकानाच्या शटरची किल्ली तुम्ही विश्वासातल्या मुलाला दिलीत, आणि त्याने ती तुम्हाला न सांगता दुसऱ्याला विकली, तर शटर त्याच किल्लीने उघडणार. एक्स्टेंशनच्या जगात हे खरोखर घडलंय. "द ग्रेट सस्पेंडर" नावाचं एक फार चांगलं एक्स्टेंशन होतं. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवायचं, वीस लाखांहून जास्त लोकांकडे होतं. मूळ निर्मात्याने 2020 मध्ये ते विकलं. नव्या मालकाने आत भलता कोड घातला आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गुगलने ते मालवेअर ठरवून बंद केलं. वापरणाऱ्यांनी या काळात काहीच चुकीचं केलेलं नव्हतं.

याचं मूळ कारण अपडेट. एक्स्टेंशन स्वतःहून, गुपचूप अपडेट होतात. नव्या आवृत्तीने जास्तीची परवानगी मागितली तर क्रोम ते थांबवून तुम्हाला विचारतो. पण सगळ्या वेबसाइटची परवानगी तुम्ही पहिल्याच दिवशी दिलेली असेल, तर पुढे विचारायला काही उरतच नाही. आत काहीही बदललं तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. विकलंच पाहिजे असंही नाही. डिसेंबर 2024 मध्ये सायबरहेवन या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीच्या कर्मचाऱ्याला क्रोम वेब स्टोअरच्या नावाने खोटा ईमेल आला, तो फसला, आणि ऐन नाताळात त्यांच्या एक्स्टेंशनची बिघडवलेली आवृत्ती लोकांच्या कॉम्प्युटरवर पोहोचली. सुरक्षेचंच काम करणाऱ्यांचं हे झालं. मग एकट्याने, फुकटात एक्स्टेंशन चालवणाऱ्या माणसाकडून आपण किती अपेक्षा ठेवायची?

म्हणून "हे किती उपयोगी आहे" एवढंच विचारू नका. त्याला किती पानं उघडी आहेत आणि तेच काम ब्राउझर किंवा विंडोज स्वतः करतो का, हेही विचारा. या दोन प्रश्नांवर तुमची यादी भराभर लहान होते.

पीडीएफवालं काढा. क्रोममध्ये प्रिंटला जाऊन "सेव्ह ॲज पीडीएफ" निवडलं की झालं. स्क्रीनशॉटवालं काढा, विंडोज, शिफ्ट आणि एस एकदम दाबा, हवा तो तुकडा कापता येतो. फोटो पन्नास केबीत बसवायचा असतो त्यासाठी काही असेल तर तेही काढा, पेंटमधलं रिसाइझ पुरतं. ग्राहकाच्या आधारचा फोटो कुठल्यातरी अनोळखी "इमेज कॉम्प्रेस" साइटवर चढवायची सवय असेल तर ती मात्र एक्स्टेंशनपेक्षाही वाईट, आजच थांबवा. मराठी टायपिंगचं एक्स्टेंशन काढा. 2019 पासून विंडोज 10 मध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, कन्नडचाही आहे. भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही जोडून ठेवा. टॅब झोपवणारं काही असेल तर क्रोमचा स्वतःचा मेमरी सेव्हर आता तेच करतो. कूपनवाल्याची दुकानात गरज नाही.

फुकट व्हीपीएन तर काढाच. क्रोममधला तुमचा सगळा नेटचा रस्ता तो स्वतःच्या सर्व्हरवरून वळवतो आणि त्याचा खर्च कुठूनतरी भरून काढतो. होला नावाच्या लोकप्रिय फुकट व्हीपीएनबद्दल 2015 मध्ये उघड झालं की तो वापरणाऱ्यांचंच कनेक्शन इतरांना विकत होता. म्हणजे तुमच्या दुकानाच्या कनेक्शनवरून कोण काय करतंय हे तुम्हाला कळणारही नाही, आणि चौकशी आली तर ती तुमच्या दारात येणार.

अँटिव्हायरसबरोबर आलेल्याला लोक हात लावायला घाबरतात. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीचं उदाहरण सांगतो. सुरक्षेच्या नावाने लोकांच्या ब्राउझिंगची माहिती गोळा करून ती जंपशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकली, म्हणून 2024 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यांना 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, चालू असेल तर तेवढं पुरे.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो, ती म्हणजे कन्नड पानांचा अनुवाद. आपल्या भागात हे चैनीचं काम नाही. खानापूर तालुक्यातला म्हातारा शेतकरी उतारा काढायला येतो, त्याला आणि कित्येकदा आपल्यालाही कन्नड नीट वाचता येत नाही. भूमी या कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या साइटवर जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव, सर्वे नंबर, मग सर्नॉक, हिस्सा (सर्वे नंबरचे पोटभाग) असं एकेक निवडत जायचं. नाडकचेरी या साइटवर जात-उत्पन्नाचे दाखले. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात जमीन असलेल्यांचा सातबारा महाभूलेख साइटवर मराठीत मिळतो म्हणून तिथे त्रास होत नाही. इकडे मात्र अनुवादाशिवाय पोरगं अडतं, हे मला मान्य आहे.

पण त्यासाठी तिसऱ्या कोणाचं एक्स्टेंशन नको. क्रोममध्येच अनुवाद आहे: पानावर राइट क्लिक करा, मराठीत अनुवाद निवडा. मजकूर गुगलकडे जातो हे खरंच, पण क्रोम वापरता म्हणजे गुगलवर तुम्ही आधीच विसंबलेले आहात. वेगळं एक्स्टेंशन घातलं की आणखी एक जण आत येतो. आपोआप अनुवाद बंद ठेवा, हवा तेव्हाच करा.

आणि अनुवाद फक्त समजून घेण्यासाठी. पान मराठीत करून बघा, कुठली चौकट कशाची ते ध्यानात घ्या, मग पान पुन्हा मूळ भाषेत आणून फॉर्म भरा. कारण सांगतो. काही फॉर्मच्या निवड-यादीत दिसणारा शब्दच सर्व्हरकडे जातो, त्यामागे वेगळा कोड ठेवलेला नसतो. अशा ठिकाणी पान अनुवादित असताना सबमिट केलं की कन्नड शब्दाऐवजी मराठी शब्द पोहोचतो आणि अर्ज अडकतो किंवा चुकीच्या गावाखाली जातो. माणसाचं आणि गावाचं नाव अनुवादातून कधीच उचलू नका, मशीन नावाचाही अर्थ लावायला बघतं. आधारवरचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव समोरासमोर ठेवून अक्षर अक्षर जुळवा. उताऱ्यातलं क्षेत्रही जपून वाचा: 2.10 दिसलं तर ते दोन एकर दहा गुंठे, दशांशातलं 2.10 एकर नव्हे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे ते बरोबर सव्वादोन एकर झालं. कुठलंही एक्स्टेंशन हे सांगणार नाही. उतारा चित्राच्या रूपात आला तर त्याला अक्षरही वाचता येणार नाही. तिथे कन्नड वाचणारा माणूसच लागतो, आणि दुकानातल्या मुलाने कन्नड अक्षरओळख करून घेतली तर ती दहा एक्स्टेंशनपेक्षा कामाची ठरेल.

ठेवायचं ते म्हणजे जाहिराती अडवणारं. दिरांना हे नक्की सांगा. सरकारी साइट शोधताना सर्चमध्ये सगळ्यात वर पैसे भरून आलेली खोटी साइट दिसू शकते, आणि डाउनलोडच्या पानावर चार हिरवी बटणं दिसतात त्यातली तीन जाहिरातीची असतात. घाईत ग्राहक समोर उभा असताना मुलगा चुकीचं दाबणारच. अशा खोट्या जाहिरातींमुळेच अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर 2022 मध्ये लोकांना ॲड ब्लॉकर वापरायचा सल्ला दिला होता. शिवाय जांबोटी-कणकुंबीकडे पावसात नेटवर्क कसं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. जाहिराती उतरल्याच नाहीत की पान लवकर उघडतं.

पण नाव नीट बघून घ्या. "यूब्लॉक ओरिजिन" हे रेमंड हिल यांचं, मोफत आणि कोड खुला असलेलं. नुसतं "यूब्लॉक" हे वेगळं, वेगळ्या मालकाचं. क्रोममध्ये आता मूळ यूब्लॉक ओरिजिन चालत नाही. गुगलने एक्स्टेंशनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही 3 म्हणतात त्याला, आणि 2025 पर्यंत जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन बंद केली. पूर्वी एक्स्टेंशन प्रत्येक विनंती पाहून अडवायची की नाही ते ठरवायचं. आता नियमांची यादी आधी ब्राउझरला द्यायची आणि अडवण्याचं काम ब्राउझर करतो. त्यामुळे ताकद कमी झाली. पण अशा पद्धतीत सगळी पानं वाचायची परवानगी न घेताही बरंच अडवता येतं, आणि तुमच्यासारख्या दुकानाला मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. क्रोमवर "यूब्लॉक ओरिजिन लाइट" घ्या, साध्या पातळीवर ठेवा. पूर्ण ताकदीचं हवं असेल तर फायरफॉक्स. आपली बेळगावची मराठी दैनिकं ऑनलाइन वाचत असाल तर त्या साइटपुरतं ते बंद ठेवा, त्या जाहिरातींवरच त्यांचं चालतं.

दुसरं ठेवायचं ते पासवर्डवालं, पण फक्त तुमच्या स्वतःच्या पासवर्डसाठी, ग्राहकांच्या नाही. त्याचा मोठा फायदा असा की ते साइटचा पत्ता तपासूनच पासवर्ड भरतं. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर डोळा फसतो, ते फसत नाही. ते गप्प राहिलं की थांबा आणि पत्ता वाचा. बिटवॉर्डन नावाचं चांगलं आहे. मुख्य पासवर्ड लांब ठेवा, कारण लास्टपास या अशाच सेवेच्या बाबतीत 2022 मध्ये लोकांच्या पासवर्डच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या, आणि तेव्हा मुख्य पासवर्डची लांबीच आडवी उभी होती.

शेवटी कामाची मांडणी. क्रोममध्ये दोन प्रोफाइल करा. एकात सरकारी कामं आणि बँक, त्यात एकही एक्स्टेंशन नाही. दुसऱ्यात बाकी सगळं. प्रोफाइल वेगळं असलं की एकातलं एक्स्टेंशन दुसऱ्यातली पानं बघू शकत नाही. ग्राहक स्वतःचा ईमेल उघडायला बसला तर गेस्ट विंडो द्या, बंद केली की त्याचं लॉगिन आणि हिस्ट्री मागे उरत नाही. जी एक्स्टेंशन राहतील त्यांच्या डिटेल्समध्ये जाऊन साइट ॲक्सेस "ऑन क्लिक" करता येतो का बघा. मग तुम्ही बटण दाबल्याशिवाय ते पानाला हात लावत नाही. काढताना नुसतं बंद करू नका, रिमूव्ह करा. सगळं काढून झाल्यावर ज्या प्रोफाइलमध्ये बँक उघडत होतात तिथले पासवर्ड बदला.

कोणी टाकलेली ते माहीत नसलेली जी राहतात, ती काढण्याआधी प्रत्येकाचं पूर्ण नाव, बनवणाऱ्याचं नाव आणि परवानगीची ओळ इथे लिहून पाठवा. क्रोमने "तुमच्या संस्थेने बसवलेलं" असं दाखवून रिमूव्हचं बटण दिलंच नसेल, तर ते आधी कळवा. त्याचा उपाय वेगळा आहे आणि तो होईपर्यंत त्या कॉम्प्युटरवरून बँकेचं काही करू नका.